मुलाच्या हातात पहिली रहस्यकथा देताना: ऐरोलीच्या एका कपाटाने शिकवलेलं

ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे. पूर्वी त्यात मेंटेनन्सच्या जुन्या पावत्या आणि गणपतीच्या मखराचं सामान असायचं. सहा वर्षांपूर्वी सेक्रेटरींच्या मागे लागून मी त्यातले दोन कप्पे मागून घेतले आणि मुलांसाठी पुस्तकं ठेवली. सगळ्या साहसकथा नि रहस्यकथा. माझ्याच लहानपणच्या, माहेरून पिशव्या भरभरून आणलेल्या. वाटलं होतं, मुलं तुटून पडतील.

चार महिन्यांत तीन पुस्तकं हलली. त्यातलं एक तळमजल्यावरच्या आजोबांनी नेलं.

आता रविवारी सकाळी त्याच कपाटापुढे चपलांचा ढीग असतो. पुस्तकं फारशी बदललेली नाहीत. ती कोणाच्या हातात कशी द्यायची, ते मला उशिरा कळलं. तुमच्या घरात, बिल्डिंगमध्ये किंवा वर्गात हेच करायचं मनात असेल, तर माझे ते चार महिने तरी तुमचे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी मूल बघा

आयांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अकरा वर्षांच्या मुलाला काय देऊ?" यावर कधीच पुस्तकाचं नाव सांगू नका. उलट तीन प्रश्न विचारा. त्याने शेवटचं कोणतं पुस्तक स्वतःहून संपवलं? (सुरू केलं नव्हे, संपवलं.) तो मोबाइलवर काय बघतो? आणि मराठी मोठ्याने वाचताना कुठे अडखळतो?

तिसरा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. ठाणे-नवी मुंबईतली कितीतरी मुलं घरी फर्डं मराठी बोलतात, आजीबरोबर मालिका बघतात, पण शाळा इंग्रजी माध्यमाची. त्यांचा कान बारा वर्षांचा असतो आणि देवनागरी वाचणारा डोळा सात वर्षांचा. 'द्ध' आणि 'द्य' समोर आले की गाडी थांबते, 'घ' आणि 'ध' एकमेकांत मिसळतात, रफार कुठल्या अक्षरावर आहे ते शोधण्यात अर्धं वाक्य विसरायला होतं. अशा मुलाला आपण डोळ्याच्या वयाचं पुस्तक देतो, म्हणजे ससा-कासवाचं. तो खट्टू होतो, आणि बरोबरच आहे त्याचं. गोष्ट कानाच्या वयाचीच द्या, डोळ्याला मदत करा. ती कशी करायची ते चौथ्या पायरीत सांगते.

एक करू नका: मुलाला सगळ्यांदेखत "तुला वाचायला आवडतं का रे?" असं विचारू नका. पाहुण्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाला पाहुण्यांसमोरचंच उत्तर मिळतं.

२. साहस, रहस्य आणि भय यांची सरमिसळ करू नका

दुकानात हे सगळं एकाच फळीवर असतं. साहसकथेत वाचक विचारतो, "आता हा यातून सुटणार कसा?" रहस्यकथेत विचारतो, "हे केलं कोणी आणि कसं?" भयकथेत तो काही विचारत नाही, पांघरूण ओढून घेतो.

नारायण धारप मला स्वतःला अतिशय आवडतात, पण ते मोठ्यांसाठी लिहीत होते. कपाटाच्या पहिल्या वर्षी मी त्यांचा एक संग्रह चुकून मुलांच्या कप्प्यात ठेवला. नऊ वर्षांच्या एका मुलीने तो नेला, आणि पुढचे पंधरा दिवस तिची आई रात्री बाथरूमच्या दारात उभी! आता धारप वरच्या कप्प्यात आहेत, चौदाच्या पुढच्यांसाठी.

बाबूराव अर्नाळकरांचंही तसंच. त्यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावं काढली की आजोबा लोकांचे डोळे चमकतात. मुलांना मात्र त्या भाषेत शिरायला वेळ लागतो. एखाद्या आजोबांनी समोर बसून वाचून दाखवली तर मजा येते. नुसतंच पुस्तक हातात दिलं, तर ते उशीखाली पडून राहतं.

जी मुलं वर्गात गप्प असतात ती बहुधा रहस्यकथेकडे वळतात, आणि एका जागी न बसणारी साहसकथेकडे. हा माझा अंदाज आहे, नियम नाही. आमच्या चौथ्या मजल्यावरचा सगळ्यात दंगेखोर मुलगा रहस्यकथेशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नाही.

३. सुरुवात कशाने करायची

*फास्टर फेणे.* भा. रा. भागवतांचा हा काडीपैलवान, खरं नाव बनेश फेणे, गाव फुरसुंगी, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल वाऱ्यासारखी हाणतो आणि काही सुचलं की "ट्टॉक" करतो. २०१७ साली त्याच्यावर मराठी चित्रपट आला होता, पण त्यातला फेणे वयाने मोठा आहे. ज्यांनी आधी चित्रपट पाहिलाय, त्यांना ही शाळकरी मुलाची गोष्ट आहे हे आधीच सांगा.

आठ ते अकरा वयाला हा सगळ्यात खात्रीचा. पुस्तकं सुटसुटीत, प्रकरणं छोटी, आणि मालिका असल्यामुळे एक आवडलं की पुढचं शोधायची जबाबदारी मूल स्वतः घेतं. सुरुवातीला 'प्रतापगडावर फास्टर फेणे' द्या, कारण प्रतापगड सहलीत बघितलेला असतो. अडचण एकच: काळ. त्यात ट्रंक कॉल आहेत, टांगे आहेत. माझ्याकडून नेमकी इथेच चूक झाली होती. मला त्या शब्दांनी माहेर आठवायचं, मुलांना ते शब्द परके होते. आता देतानाच सांगते, "यात कोणाकडेही मोबाइल नाही, म्हणूनच हे सगळे अडकतात." एवढ्याने काम होतं. मोबाइल नसलेलं जग हीच मुलांना मग गंमत वाटायला लागते.

*फेलूदा.* सत्यजित राय यांनी १९६५ साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात हा गुप्तहेर आणला. मराठीत अशोक जैन यांनी अनुवाद केलेत आणि रोहन प्रकाशनाने संच काढलाय. दहा ते चौदासाठी माझी पहिली पसंती हीच, फेणेपेक्षाही. कारण फेलूदा मारामारी कमी आणि विचार जास्त करतो, गोष्ट सांगणारा तोपशे हा वाचणाऱ्याच्याच वयाचा त्याचा चुलतभाऊ, आणि जटायू नावाचे थरारक कादंबऱ्या लिहिणारे गृहस्थ इतक्या चुका करतात की मुलं मोठ्याने हसतात. शिवाय प्रत्येक गोष्ट एका नव्या गावात. आपल्या मुलांना 'कैलासातील कारस्थान' हमखास आवडतं. मूर्तिचोरांचा माग काढत फेलूदा वेरूळला येतो, आणि ज्यांनी कैलास लेणं पाहिलंय ती मुलं पानापानावर "इथे मी उभा होतो!" म्हणतात. 'मुंबईचे डाकू'मध्ये मंडळी मुंबईत हिंदी सिनेमाच्या धंद्यात अडकतात. आधी हे दोन, मग 'बादशाही अंगठी'. प्रकाशनाचा क्रम पाळायची गरज नाही, फक्त 'बादशाही अंगठी'त जटायू नाहीत हे सांगून ठेवा. नाहीतर जटायूंच्या चाहत्यांची तक्रार येते.

*शेरलॉक होम्स.* इथे मोठी माणसं हमखास फसतात. 'पहिल्यापासून वाच' म्हणून पहिली कादंबरी देतात, आणि तिच्या मध्यावर गोष्ट होम्सला सोडून थेट अमेरिकेच्या वाळवंटात जाते. मूल तिथेच पुस्तक मिटतं. दुसरी कादंबरी १८९० ची. तिच्या पहिल्याच पानावर होम्स कोकेनचं इंजेक्शन घेतो. कादंबऱ्या नंतर. आधी लघुकथा द्या. लाल केसांच्या माणसांच्या संघाची (१८९१) आणि निळ्या माणकाची (१८९२) या दोन गोष्टींत खून नाही, विनोद आहे आणि डोकं चालवायला भरपूर आहे. मराठीत बरेच अनुवाद आहेत, त्यात भालबा केळकरांचा जुना आणि जाणत्यांच्या आवडीचा. बास्करव्हिलच्या शिकारी कुत्र्याची कादंबरी (१९०२) मूल तेरा वर्षांचं झाल्यावर, शक्यतो पावसाळ्यात.

*ज्यूल व्हर्न.* खून नको, चोर नको, नुसता प्रवास हवा असं म्हणणाऱ्या मुलांसाठी. इथेही भा. रा. भागवतच मदतीला येतात: 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'समुद्रसैतान'. पाणबुडीतला कप्तान नेमो हा मुळात बुंदेलखंडचा राजपुत्र, हे व्हर्नने पुढच्या एका कादंबरीत सांगितलंय. मी ते मुलांना आधी सांगत नाही. दोघांनी स्वतः शोधून काढलं आणि धावत सांगायला आले.

*चौदाच्या आसपास* जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला'. जमिनीत खोल सापडलेल्या एका पेटीपासून सुरू होते, आणि विज्ञान शिकवल्यासारखी वाटत नाही.

इंग्रजी वाचणाऱ्यांना एनिड ब्लायटनची 'फेमस फाइव्ह' ही चार मुलांची आणि एका कुत्र्याची मालिका द्या. १९४२ पासून एकवीस पुस्तकं. खाण्याच्या वर्णनांसाठी मुलं जीव टाकतात. मात्र जिप्सींबद्दल त्यात जे लिहिलंय त्यावर एकदा बोला. आणि एरिख केस्टनरची 'एमिल आणि गुप्तहेर' (१९२९) मिळाली तर सोडू नका. मुलांनी मुलांच्या जोरावर चोर पकडण्याची ही गोष्ट. पुरावा सुरुवातीलाच वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवलेला असतो आणि तरी कोणाच्या लक्षात येत नाही. रहस्यकथा चांगली आहे की फसवी, हे मी मुलांना याच गोष्टीवरून शिकवते. गुन्हेगार शेवटच्या पानावर आभाळातून पडला तर ती फसवी.

४. दहा पानं, आणि नेमक्या जागी थांबणं

ही पायरी गाळू नका. यादी कोणीही देईल, काम होतं ते इथे.

* मुलाला मधलं कुठलंही एक पान मोठ्याने वाचायला सांगा. प्रत्येक अडलेल्या शब्दाला एक बोट दुमडा. पान संपायच्या आत पाचही बोटं दुमडली, तर ते पुस्तक त्याला एकट्याने झेपणार नाही.
* पण लगेच परत घेऊ नका. पहिली दहा पानं तुम्ही वाचा, मोठ्याने, आवाज बदलून. भिंग, पायांचे ठसे, दार वाजणं, सगळं करा. लाज सोडा.
* दार वाजलं आणि कोणी उघडायला निघालं, की थांबा. "भात लागला" म्हणून उठा. पुस्तक उघडंच ठेवा.
* पुढची पानं आलटूनपालटून: एक तुम्ही, एक त्याने. अडला तर शब्द सांगून मोकळे व्हा. तिथे जोडाक्षराचा तास घेऊ नका.

अन्वी (नाव बदललंय) सातवीत होती. मराठी पुस्तक म्हटलं की तोंड वाकडं. मी तिला फेलूदाची पहिली काही पानं वाचून दाखवली आणि नेमका माझा फोन वाजला. खरंच वाजला. परत आले तर ती बोट ठेवून, ओठ हलवत, अक्षर अक्षर लावत पुढे गेली होती. दीड पानाला वीस मिनिटं लागली होती तिला. पुस्तक संपायला महिना लागला, पुढचं बारा दिवसांत झालं.

दहा पानांनंतरही मूल जांभया देत असेल, तर पुस्तक बदला. दुसरंही नाही चाललं, तर तिसरं. "घेतलंस ना, आता संपव" हे वाक्य आमच्या कपाटापाशी बंद आहे.

५. पुस्तकं आणायची कुठून

सगळी विकत घेऊ नका. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे, आणि ठाणे-नवी मुंबईत छोटी सार्वजनिक वाचनालयंही आहेत. सभासद व्हायला साधारण हे लागतं:

* पत्त्याचा पुरावा: आधार किंवा लाइट बिल. भाड्याच्या घरात असाल तर भाडेकराराची प्रत जवळ ठेवा.
* पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
* अनामत आणि वर्गणीची रक्कम, शक्यतो सुटी
* मुलाच्या नावाचं खातं हवं असेल तर पालकाची सही

निघण्याआधी फोन करून सुट्टीचा वार आणि वर्गणी विचारून घ्या. मी एकदा ऐरोलीहून ठाण्याची लोकल पकडून भर उन्हात गेले आणि बंद शटर बघून आले. पहिल्या वेळी मुलाला बरोबर न्या आणि पुस्तक त्याला निवडू द्या, चुकीचं निवडलं तरी.

फुकटातलं सोनं म्हणजे 'किशोर'. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. छोट्या रहस्यकथांसाठी, विशेषतः कादंबरीची भीती वाटणाऱ्या मुलांसाठी, याच्यासारखं दुसरं काही नाही.

रद्दीवाल्याकडेही छान पुस्तकं मिळतात, पण तिथे दोन गोष्टी तपासा. एक, शेवटची पानं आहेत का. दुसऱ्या पुस्तकांत चालून जातं, रहस्यकथेत शेवटची चार पानं नसली तर मूल तुम्हाला आयुष्यभर माफ करणार नाही. दोन, आधीच्या वाचकाने काही लिहून ठेवलंय का. माझ्याकडच्या एका पुस्तकात तिसऱ्याच पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं: "मॅनेजरने केलंय." घेताना मला ते दिसलंच नाही. चार मुलांनी ते पुस्तक नेलं, चौघांनी तसंच परत आणलं आणि एकानेही मला कारण सांगितलं नाही.

'संक्षिप्त सचित्र' आवृत्त्या घेताना जपून. चारशे पानांची गोष्ट साठ पानांत आली की उरतो तो फक्त शेवट. मूल म्हणतं "वाचलंय मी ते", आणि खरं पुस्तक मग कायमचं राहून जातं. भागवतांसारख्या लेखकाने मराठीत नव्याने सांगितलेली गोष्ट वेगळी, ती बिनधास्त घ्या.

जुन्या आवृत्त्यांचा टाइप बारीक असतो. अडखळत वाचणाऱ्याला त्या देऊ नका, त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती शोधा.

६. जवळ काय ठेवायचं

मोठी वही, कोण काय घेऊन गेलं ते लिहायला (मुलांनाच लिहू द्या, देवनागरीत). पारदर्शक कव्हरं. भारताचा भिंतीवरचा नकाशा, फेलूदा कुठे कुठे जातो तिथे टिकली चिकटवायला. एक भिंग, त्याचा तसा काही उपयोग नाही, पण ठेवाच.

७. वाचून झाल्यावर काय विचारायचं

"यातून काय शिकलास?" हे चुकूनही नको. मी विचारते, "संशय पहिल्यांदा कोणावर आला?" आणि "कितव्या पानावर?" यावर मुलांची जी भांडणं होतात, त्यात मी पडत नाही. ज्याने वाचलेलं नाही त्याच्यासमोर गुन्हेगाराचं नाव घेतलं, तर एक रविवार पुस्तक बंद. हा नियम मुलांनीच केला आणि तीच तो कडक पाळतात.

त्यातून पुढे एक झालं. कोणीतरी विचारलं, आपल्याकडे असं काही का घडत नाही? मी म्हटलं, ठाण्याचा तुरुंग पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतलेल्या किल्ल्यात आहे, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला. आणि तो समोर दिसतोय पारसिकचा डोंगर, त्याच्या पोटातून १९१६ पासून रेल्वे जाते. पुढचं तुम्ही बघा.

आता एक दोनशेपानी वही फिरते आहे. प्रत्येकाने एकेक प्रकरण लिहायचं. पारसिकच्या बोगद्यात एका बाजूने शिरलेली मालगाडी दुसऱ्या बाजूने बाहेरच येत नाही, अशी सुरुवात आहे. शुद्धलेखन भयंकर आहे आणि मी ते तपासत नाही. नऊ प्रकरणं झालीत. संशयाची सुई सध्या आमच्या सोसायटीच्या खजिनदारांवर आहे. त्यांनी अजून वाचलेलं नाही, म्हणून वही खालच्या कप्प्यात, मखराच्या मागे ठेवतो.